एका पेटीत दोन कार्डं

सासूबाईंचा आवाज रेडिओवर तुटायला लागला तेव्हा सून स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. गंमत अशी, की सासूबाई पलीकडच्याच खोलीत बसल्या होत्या. भिंतीतून त्यांचं वाक्य धडधाकट ऐकू येत होतं आणि क्षणभराने तेच वाक्य रेडिओतून येताना मात्र लंगडत, ठेचकाळत येत होतं. "नमस्कार मंड... आज कोण को... ड्यूटीव..." मग नुसतीच खरखर.

रविवारी सकाळी ज्यांना सुटी नसते, त्यांच्यासाठी सासूबाईंचा हा गप्पांचा कार्यक्रम होता. ट्रकवाले, इस्पितळातल्या नर्सेस, कारखान्यांचे पहारेकरी फोन करायचे, आणि सासूबाई त्यांच्याशी घरच्यासारख्या बोलायच्या. सून लग्न होऊन या घरात आली, त्याच्या कितीतरी आधीपासून हे चाललं होतं. मग स्टुडिओच्या जिन्यावर सासूबाईंचा पाय घसरला, हाड मोडलं, प्लास्टर आलं. "पाय मोडलाय, जीभ नाही," असं त्यांनी ठणकावून सांगितल्यावर रेडिओ केंद्राने एक छोटा मिक्सर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं यंत्र, घरी पाठवला. माईकचा आवाज त्या मिक्सरमधून घरच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तिथून इंटरनेटवरून थेट केंद्रात.

कार्यक्रम संपल्यावर तिथल्या नव्या प्रमुखाचा फोन आला. "काकू, लोकांच्या तक्रारी येताहेत. पुढच्या रविवारी पुन्हा असं झालं, तर आपण गाणी लावू. तुम्ही ठणठणीत बऱ्या व्हा, मग बघू."

सासूबाई "बरं" एवढंच म्हणाल्या. दिवसभर त्या गप्पच होत्या. चहात साखर कमी पडली होती, तरी एका शब्दाने बोलल्या नाहीत. 'मग बघू' म्हणून बाजूला केलेली माणसं सासूबाईंनी त्या इमारतीत खूप पाहिली होती. त्यातलं एकही पुन्हा माईकसमोर बसलं नव्हतं.

सुनेने केंद्रातल्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"वहिनी, तुमचा मिक्सर आणि घरातलं सगळं इंटरनेट राउटरच्या एकाच डब्यातून जातंय," तो म्हणाला. "मुलींचा सिनेमा, साहेबांच्या मीटिंगा, सगळ्यांची तिथे रेटारेटी. त्यात आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचायच्या आधीच चेंगरतो, बाहेर जाणारी लाईन तुमची मोठी आहे. कॉम्प्युटरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवा. एका कार्डात इंटरनेटची वायर, दुसऱ्यात थेट मिक्सरची. मग कुणी कुणाला धक्का मारणार नाही."

"तुम्ही येऊन बसवाल का?"

"मी बाहेरगावी टॉवरच्या कामावर अडकलोय. पण तुम्ही चष्म्याच्या दुकानात काचा बसवता ना? मग हे काय अवघड आहे तुम्हाला!"

नवऱ्याला हे पटलं नाही. "उगाच त्या पेटीत हात घालू नकोस. आहे तेही बंद पडेल. आणि एका पेटीत दोन कार्डं नांदत नाहीत, ऑफिसात बघितलंय मी."

आतल्या खोलीतून आवाज आला, "आम्ही दोघी नांदतोय की रे एका घरात! तेव्हाही तू मित्राशी पैज लावली होतीस. महिनाभर टिकायचं नाही म्हणून!"

नवरा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला. सून मात्र खुदकन हसली. दिवसभरात सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

शनिवारी दुकान दुपारी लवकर बंद व्हायचं. येताना ती कार्ड घेऊनच आली. सासूबाईंच्या खोलीतल्या कॉम्प्युटरची वायर काढून तिने पेटी आडवी केली, बाजूचं झाकण उघडलं, रंगवायच्या मऊ ब्रशने आतली धूळ झटकली. मग कार्ड त्याच्या खाचेवर धरून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला. खट्. बरोब्बर बसलं. पेटी बंद करून तिने दोन्ही वायरी लावल्या आणि मिक्सरसोबत आलेल्या माहितीपत्रकातले आकडे बघून नव्या कार्डाचे सगळे रकाने भरले. मागे दोन्ही ठिकाणी हिरवे दिवे लुकलुकायला लागले.

आणि इंटरनेट बंद पडलं. मिक्सर तर घटकेत सापडायचा, घटकेत गायब व्हायचा.

नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याने भुवयांनीच सगळं बोलून घेतलं.

"काय झालं गं?" पलंगावरून सासूबाईंनी विचारलं. पाय उशीवर, नजर पडद्यावर.

"दोन्ही रुसली."

ती खुर्चीत मागे टेकली. दुकानात एखादं गिऱ्हाईक म्हणतं, मला सगळं दोन-दोन दिसतंय. तेव्हा आधी काय करतात? एक डोळा झाकायचा आणि बघायचं. मग दुसरा.

तिने मिक्सरची वायर काढली. इंटरनेट सुरू! ती लावून इंटरनेटची काढली. मिक्सर एकदम शहाण्यासारखा हजर. पुन्हा दोन्ही लावल्या, की पुन्हा गोंधळ.

"आई, दोन्ही कार्डं धडधाकट आहेत. भांडण दोघांच्या मध्ये आहे."

"कशावरून?"

तिने दोघांचे नेटवर्कवरचे पत्ते पडद्यावर शेजारी-शेजारी उघडले. प्रत्येक पत्ता टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचा. पहिले तीन आकडे दोघांचे अगदी सारखे होते.

"हे बघा. दोघं सांगताहेत, आम्ही एकाच गल्लीत राहतो. मग मिक्सरचा निरोप कुणाच्या हाती द्यायचा, हे या बिचाऱ्या कॉम्प्युटरला कळतच नाही. मनाला येईल त्याच्याकडे देतो."

सासूबाई म्हणाल्या, "मग एकाला वेगळी चूल मांडून दे की!"

सून ताठ बसली. तेच तर करायचं होतं. तिने मिक्सरचा तिसरा आकडा बदलला, त्याच्या कार्डाचाही बदलला. आता त्या दोघांची गल्ली वेगळी आणि घराच्या इंटरनेटची वेगळी. मिक्सर सापडला, आणि या वेळी सापडला तो जागचा हलला नाही. सासूबाईंनी माईकवर टिचकी मारली, तशी पडद्यावरची हिरवी पट्टी टणकन उडाली.

इंटरनेट मात्र अजून यायला तयार नव्हतं.

तिने एकेक रकाना पुन्हा डोळ्यांखालून घातला. नव्या कार्डाच्या शेवटच्या रकान्यात तिनेच भरलेला एक आकडा होता. 'गेटवे', म्हणजे बाहेरच्या जगात जायचा दरवाजा. रिकामा रकाना दिसला की भरायचा, या सवयीने तो तिने भरून टाकला होता. आता कॉम्प्युटरला बाहेर जायला दोन दरवाजे झाले होते, आणि त्यातला एक उघडत होता नुसता मिक्सरवर. तिथून पुढे वाटच नव्हती!

"अगं बाई, मीच की ती शहाणी," असं पुटपुटत तिने तो आकडा पुसला.

पडद्यावर इंटरनेट भरभरून आलं. तिने अशी काही आरोळी ठोकली, की नवऱ्याला वाटलं शॉक बसला. तो धावत आला, तर बायको खोलीभर नाचतेय आणि आई पलंगावर टाळ्या वाजवतेय.

"आता खरी परीक्षा," सून म्हणाली. तिने दोन्ही मुलींना सिनेमा लावायला सांगितलं. नवऱ्याला म्हणाली, "तू तुझ्या भावाला व्हिडिओवर फोन लाव. चांगलं लांबण लावून बोल."

मुलींचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. घरात अशी आज्ञा कधी सुटलीच नव्हती. सगळं एकदम सुरू झालं, आणि सासूबाई माईकपुढे बोलत राहिल्या. पलीकडे केंद्रात बसलेली मुलगी फोनवर म्हणाली, "काच पुसल्यासारखा आवाज येतोय, आजी!"

रविवारी सकाळी सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. "रेडिओवर कोण बघतंय?" असं नवरा म्हणाला, तर "मला दिसतेय ना," म्हणाल्या. कानांवर हेडफोन चढवून त्यांनी घसा साफ केला. सून रेडिओला कान लावून स्वयंपाकघरात उभी. या वेळी हातात कांदा नव्हता. हात घट्ट मिटलेले होते.

"नमस्कार मंडळी. आज कोण कोण ड्यूटीवर आहे?"

सगळं वाक्य आलं. नेहमीच्या त्या खर्जासह, शेवटच्या हसण्यासह.

पहिलाच फोन एका ट्रकवाल्याचा होता. "आई, परत आलात ना स्टुडिओत? अगदी शेजारच्या सीटवर बसून बोलताय असं वाटतंय."

"कसला स्टुडिओ, बाळा! मी माझ्या पलंगावर आहे, पाय उशीवर टाकून. माझ्या सुनेनं कॉम्प्युटरची पेटी उघडून दुसरं कार्ड बसवलं. ते भांडायला लागलं, तर तिनं भांडण मिटवलं. माझा मुलगा नको नको म्हणत होता, तरी बसवलं. तेव्हा आज तुमच्या कानावर जे पडतंय, ते तिचं काम आहे."

स्वयंपाकघरात सुनेचे डोळे भरून आले. नवरा हळूच येऊन शेजारी उभा राहिला. "हरलो बुवा," तो म्हणाला. "पुन्हा एकदा."

एकामागून एक फोन येत गेले. एक नर्स बोलली, एक पहारेकरी बोलला, पहाटेपासून भट्टीपुढे उभा असलेला एक पाववाला तर आपली सगळी कर्मकहाणी सांगून मोकळा झाला. एकाचाही शब्द तुटला नाही.

कार्यक्रम संपला, तसा प्रमुखाचा फोन वाजला. सासूबाईंनी तो मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला.

"काकू, कमाल केलीत! इतके फोन आले, की निम्मे घेताच आले नाहीत. पुढच्या रविवारपासून अर्धा तास वाढवायचा का?"

सासूबाईंनी दारात उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं.

"विचारून सांगते," त्या ऐटीत म्हणाल्या. "स्टुडिओ सूनबाईंचा आहे."

सुनेने डोळे पुसले आणि दोन्ही हात उंच करून जोरजोरात मान हलवली.

"हो म्हणतेय," सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "पण मी थोडे आढेवेढे घेणार आहे."