टोपाझचा वाटा

"मार पाण्यावर टाळी, बोलाव कुत्र्याला," मुकादम सिप्रियन म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तो जवळ फिरकूही देत नाही."

एव्हनोर गुडघाभर पाण्यात उभा होता. मागे खोबऱ्याच्या भट्टीचे दार उघडे होते. नारळाची सोडणे तिच्यात घालता घालता त्याचे केस पांढरे झाले होते. आता तिच्यात बेटावरची कुत्री कोंडून धुराने मारत होते. गोऱ्यांना लष्करी तळासाठी बेट मोकळे हवे होते, माणसांपासून आणि कुत्र्यांपासूनही. उद्या शेवटचे जहाज. एव्हनोरचा टोपाझ तेवढा हाती लागत नव्हता.

"ज्यांना मारायचाय त्यांनीच धरावा."

"मला काय हौस आलीय? माझी दोन्ही आत गेली." सिप्रियनने आवाज उतरवला. "साहेब म्हणतो, कुत्रा आला तर तुझ्या आईला वर डेकवर जागा. नाही तर खाली, अंधारात. वर घोडे बांधलेत, त्यांचं सगळं खालच्यांच्या अंगावर गळतं. म्हातारीचा दमा बघ आणि काय ते ठरव."

"घोडे वर आणि माणसं खाली?"

"घोडे साहेबाचे आहेत, बाबा."

एव्हनोरने वाकून पाण्यावर दोनदा हात आपटले.

टोपाझ उथळ पाण्यातून उड्या मारत आला. वाटेत त्याने मुंडी बुडवली आणि तोंडात मासा घेऊनच तो पोचला. मासा पायाशी टाकून शेपूट हलवू लागला. कुत्र्याने धरलेल्या माशाचे डोके कुत्र्याचे, ही बेटाची रीत त्याला पाठ होती.

"चल," एव्हनोर म्हणाला. पावसात टोपाझ भट्टीच्या उबेलाच निजायचा. तो आपणहून आत गेला.

"तू जा घरी," सिप्रियन म्हणाला. "पेटवतो मी."

आईने मासा नारळाच्या दुधात शिजवला. "दातांच्या खुणा आहेत. टोपाझने धरला ना? कुठाय तो लबाड?"

"येईल."

तिने डोके करवंटीत काढून उंबऱ्याबाहेर ठेवले. "तू का जेवत नाहीस?"

"भूक नाही. आई, उद्या तुला वर जागा मिळालीय."

"मला? कुणाचे पाय धरलेस?"

"कुणाचे नाही."

सकाळी जहाजाचा भोंगा झाला. आई गाठोडे घेऊन बाहेर आली. करवंटीतले डोके तसेच होते, मुंग्यांनी भरलेले. तिने भट्टीकडे पाहिले. मग मुलाच्या सदऱ्याची बाही नाकाशी नेऊन हुंगली. धुराचा वास होता.

जहाजावर सिप्रियनने हाताने जागा दाखवली. "मावशी, तुम्ही इकडे वर."

ती त्याच्यासमोरून सरळ खाली जाणाऱ्या शिडीकडे गेली.

"आई, वर!" एव्हनोर ओरडला.

"असू दे घोड्यांना," ती म्हणाली आणि एकेक पायरी उतरली.

खाली वरच्या फळ्यांतून गळत होते. आई खोकत बसली होती. एव्हनोरने टोपी काढून तिच्या डोक्यावर धरली. थोड्या वेळाने त्याचा हात भरून आला, टोपी खाली येऊ लागली. तेव्हा म्हातारीने न बघताच त्याच्या कोपराला खालून हात लावला.