माझ्यावरून गळलेला ‘न’

मी एक जुना फळा आहे. माणसाच्या तोंडाला कोणी काळे फासले, तर ती त्याची नाचक्की समजतात. माझ्या तोंडाला तर सुताराने जन्मतःच काळे फासले, आणि वर म्हणाला, “आता कसा शोभून दिसतोय!” त्यामुळे लाज म्हणजे काय, हे मला बरीच वर्षे ठाऊकच नव्हते. मित्रांनो, ते मला कसे कळले, ते आज सांगतो.

माझे उमेदीचे दिवस शाळेत गेले. वर्गात गलका झाला, की गणिताचे मास्तर डस्टरची लाकडी पाठ माझ्यावर ठक् ठक् आपटत. जागा ठरलेली, वरच्या अंगाला, डाव्या बाजूला. पोरे गप्प बसत आणि मला वाटे, काय हा माझा दरारा! पण त्या आपटण्याने तिथली जागा काचेसारखी गुळगुळीत झाली. तिथे लिहिलेले अक्षर उमटल्यासारखे दिसायचे आणि जरा वारा लागला, की भुकटी होऊन खाली यायचे. शेवटी शाळेने नवा पांढरा फळा आणला आणि मला वाचनालयाला देऊन टाकले. ‘टकल्या फळा’ हे नावही माझ्या पाठोपाठ आले.

वाचनालयात मात्र मला मान मिळाला. दर सोमवारी एका वाचकाने माझ्यावर ‘मी वाचलेली पुस्तके’ असे लिहून खाली आपली यादी द्यायची, म्हणजे इतरांना पुस्तक निवडणे सोपे जाई. माझे टक्कल सगळ्यांना माहीत होते. ‘मी’ लिहून झाला, की तेवढी जागा मोकळी सोडून ते पुढे ‘वाचलेली’ लिहीत. वकीलसाहेबांची यादी माझ्यावर मावली नाही. डॉक्टरांची यादी वाचायला औषधाच्या दुकानदाराला बोलवावे लागले.

मग सगळे ग्रंथपाल बाईंच्या मागे लागले, “बाई, आता तुमची यादी येऊ द्या!” बाई दिवसभर पुस्तके द्यायच्या, घ्यायच्या, फाटलेली चिकटवायच्या. वाचायला वेळ कुठला? सोमवारी सकाळी त्या एकट्याच माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, “खरं काय ते लिहावं. कुठून सुरुवात करू, ते लोकच सांगतील.” आणि त्यांनी लिहिले, ‘मी न वाचलेली पुस्तके’. ‘न’ नेमका माझ्या टकलावर आला. टिकावा म्हणून त्यांनी तो चांगला दाबून लिहिला आणि खाली लांबलचक यादी दिली.

मग वाचक यायला लागले, तसा त्यांनी पंखा लावला. मी जीव एकवटून तो ‘न’ धरून ठेवला, पण गुळगुळीत अंगाला धरायला काय असते? तो गळाला. राहिले ते ‘मी वाचलेली पुस्तके’. लोक म्हणतात, ‘ध’चा ‘मा’ झाला. मी तर अक्षरच गिळून बसलो.

“बाई, एवढं सगळं वाचलंत?” दुकानदार म्हणाला. “आम्ही आपले अजून काठावरच!”

“वाचनालयाचं भाग्य म्हणायचं,” वकीलसाहेब म्हणाले.

बाईंनी वळून पाहिले. काय झाले ते त्यांना कळले. त्यांनी तोंड उघडले, आजूबाजूचे कौतुकाचे चेहरे पाहिले आणि मिटून घेतले. खडू त्यांच्या हातातच होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मान खाली घालावी म्हटले, तर मी भिंतीला खिळलेला.

तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. “बाई, डोळ्यांचं काही खरं नाही म्हणतात डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “आता एखादंच पुस्तक होईल माझ्याच्यानं. कापड एकच उरलंय, म्हणून कातर लावायच्या आधी विचारते. तुम्ही ही सगळी वाचलीत. यातलं कुठलं नेऊ?”

बाईंचा चेहरा पडला. ‘आता तरी सांगा हो!’ मी मनातल्या मनात ओरडलो. पण बाईंनी दीपस्तंभाच्या रखवालदाराची कादंबरी काढून दिली. “ही न्या,” त्या खाली बघत म्हणाल्या. “छान आहे.”

पुढचे कितीतरी दिवस माझ्यावर दुसऱ्यांच्या याद्या आल्या आणि पुसल्या गेल्या. बाई माझ्याकडे पाहायचे टाळत. मीही त्यांच्या नजरेतून उतरलो होतो आणि स्वतःच्याही.

एका दुपारी मावशी पुस्तक घेऊन आल्या. मध्यावर शिवणाच्या फितीची खूण होती. “इथपर्यंत आले. पुढं अक्षरं पळायला लागली,” त्या म्हणाल्या. “तेवढं सांगा हो, तो रखवालदार घरी पोचतो का?”

सगळे वाचक कान टवकारून बसले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

“मावशी, मी ती वाचलेली नाही. त्या यादीतलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. मी फळ्यावर ‘न’ लिहिला होता, तो पडला. आणि मी तो परत लिहिला नाही.”

मावशींनी पुस्तकातल्या फितीवरून बोट फिरवले.

“म्हणजे माझे उरलेले डोळे तुम्ही अंदाजानं खर्च केलेत,” त्या म्हणाल्या.

बाईंनी नुसती मान हलवली.

“पुस्तक चांगलं निघालं, हे तुमचं नशीब.” मावशींनी ते बाईंच्या पुढ्यात सरकवले. “बसा आता. वाचून दाखवा.”

बाईंनी डोळे पुसले आणि फितीची खूण असलेले पान उघडले.

“तिथून नाही,” मावशी म्हणाल्या. “पहिल्या पानापासून. तुम्ही कुठं वाचलंय!”

सगळ्यांना हसू फुटले. बाईंनाही हसू आले, पण त्यांची मान वर झाली नाही. वाचायला बसण्याआधी त्यांनी माझ्यावर पुन्हा ते शीर्षक लिहिले. या वेळी काकपद, म्हणजे सुटलेल्या अक्षराची खूण, करून ‘न’ टकलाच्या वर, जिथे माझा रंग शाबूत आहे तिथे लिहिला.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा एखादा फळा असेल, तर त्याला आपटू नका, वर्षातून एकदा रंगाचा हात द्या. आणि तुम्ही लिहिलेले एखादे अक्षर त्याने गाळले, तर खडू हातात आहे तोवर पुन्हा गिरवा. मला ते करता येत नाही, तुम्हाला येते. आता रोज दुपारी बाई माझ्याखाली बसून वाचतात आणि मावशी डोळे मिटून ऐकतात. काल त्या दोघी फितीच्या खुणेपाशी पोचल्या. मावशींनी ती फीत काढून आपल्या पिशवीत ठेवली आणि बाईंनी पान उलटले.