तिकडची हवा

रविवारी थोरल्याकडे जेवणं उरकली आणि दोघे भाऊ आपापल्या शहराला नावं ठेवायला बसले, तेव्हाच त्यांच्या आईनं ओळखलं, की आता आपली पाठवणी होणार.

एरवी याच विषयावरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. थोरला पुलाच्या अलीकडच्या शहरात, धाकटा पलीकडच्या. "तुमच्याकडे पाणी तरी येतं का रे?" हा म्हणायचा. "तुमच्याकडे श्वास तरी घेता येतो का?" तो म्हणायचा. घरं घेतली तेव्हा कुणाचं शहर भारी, यावरून सहा महिने अबोला होता.

आई याच दोन शहरांमधल्या बसची कंडक्टर. नवरा लवकर गेला, दोन पोरं पदरात. अठ्ठावीस वर्षं तिनं या एकाच रस्त्यावर तिकिटं फाडली. सगळे तिला तिकीटबाईच म्हणायचे. दोन्ही शहरांतला खड्डा न् खड्डा तिला पाठ होता. निवृत्तीनंतर ती थोरल्याकडे राहिली, आणि आता नातीला अभ्यासाला वेगळी खोली हवी होती.

"आई, खरं सांगू? तुझ्या गुडघ्यांना तिकडचंच बरं," थोरला म्हणाला. "सपाट रस्ते, बागा, मोकळी हवा."

"कसली हवा! नुसता धूर," धाकट्यानं घाईनं सांगितलं. "इथं दवाखाना चार पावलांवर आहे. आमची तर लिफ्टसुद्धा सारखी बंद."

"परवा तर म्हणालास, लिफ्ट विमानासारखी आहे!"

"आणि तू म्हणायचास, आमच्याकडच्या बागा म्हणजे नुसता उकिरडा!"

आई नको, असं आपल्यात कुणी म्हणत नाही. शहर सोयीचं नाही म्हणतात. जनाची लाज राखायला तेवढा आडपडदा पुरतो.

धाकटा तणतणत निघून गेला. मंगळवारी थोरल्यानं आईची पिशवी भरली आणि तिला बसमध्ये बसवलं.

"धाकट्याला कळवलंस ना?" तिनं विचारलं.

"तू पोचलीस की कळेलच त्याला."

पुलाजवळचा स्टॉप दोन्ही शहरांच्या हद्दीवर. झाडू कुणी मारायचा, यावर वाद, म्हणून कचरा तसाच. तिथं कंडक्टरांचे गणवेश शिवणारी तिची मैत्रीण एकटीच राहायची. "कंटाळलीस की ये, मला सोबत होईल," असं ती दर भेटीत म्हणायची. तो स्टॉप आला तसा सवयीनं तिकीटबाईचा हात वर गेला. तिनं घंटेची दोरी ओढली आणि पिशवी घेऊन खाली उतरली.

"किती दिवस?" शिलाईवालीनं मशीन थांबवून विचारलं.

"बघू. काज-बटणं करता येतात मला."

आठव्या दिवशी थोरल्याचा फोन आला. "काय गं, तिकडची हवा मानवली ना?"

"मानवली." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

दहाव्या दिवशी धाकट्याचा. "दादाकडे बरं आहे ना सगळं?"

"मी दादाकडे नाही. तुझ्याकडेही येणार नाही. पुलाजवळ शिलाईवालीकडे राहतेय."

आता पोरगा रागवेल, ओरडेल, मिळेल ती बस धरून न्यायला येईल, असं तिला वाटलं. वेडी आशा, दुसरं काय!

"म्हणजे... कायमची?" त्यानं विचारलं. लहानपणी परीक्षेत पास झाल्याचं कळलं, की त्याचा आवाज असाच हलका व्हायचा.

"कायमची," ती म्हणाली, आणि फोन ठेवून सुईत दोरा ओवू लागली. तो काही केल्या ओवला जाईना.