टाचेकडून काळजाकडे

हौसाबाईंनी चोळलं की माणूस लांबायचा, आणि गरम पाण्याने अंघोळ केली की पुन्हा होता तेवढा व्हायचा. गावाला त्याचं काही नवल उरलं नव्हतं. पाय बाहेर जायला वाट हवी म्हणून त्यांची चटईच दारासमोर असे.

काम साधं. कोमट तिळाचं तेल लावून आधी हलका हात फिरवायचा, मग कणकेसारखं मळायचं, शेवटी थोपटायचं. हात नेहमी टाचेकडून काळजाकडे. पण तेलात बोट बुडवण्याआधी तीन प्रश्न: ताप आहे का, सूज आहे का, कुठे लाल होऊन गरम लागतंय का? एकाला जरी हो आलं तरी माणूस सरळ घरी. चाळीस वर्षांत हा नेम त्यांनी सख्ख्या भावासाठीही मोडला नव्हता.

विहीणबाईंसाठी मोडला. मंजुळाबाई सुलभाला माहेरी सोडायला नांदेडहून चौदा तास एसटीत बसून पहिल्यांदाच आलेल्या. लेकीच्या सासूला काय विचारायचं, सूज आहे का म्हणून? मोरीच्या दाराशी उभी असलेली सुलभा डोळ्यांनीच सांगत होती, आई, काही बोलू नकोस.

"डावी पोटरी भरून आलीय," मंजुळाबाई म्हणाल्या. "जरा दाबून द्या."

पोटरी गरम होती. तेलामुळे असेल, असं हौसाबाईंनी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्यांदा हात वर नेताना कातडीखाली बोराच्या आठळीएवढी गाठ उठली आणि हाताच्या पुढे पुढे वर चालू लागली. टाच उंबऱ्याबाहेर गेली. गाठ गुडघ्याच्या वर आली तेव्हा हौसाबाईंनी तिच्यापुढे अंगठा रोवला. गाठ थांबली, पण ढकलत राहिली.

"थांबलात का?"

"जरा दम खाते, विहीणबाई."

अंगठा उचलला तर गाठ काळजात जाणार. वाट लांबवणं तेवढं हातात होतं. त्या दुसऱ्या हाताने मांडी चोळू लागल्या. मांडी लांबली, कंबर माजघरात गेली, डोकं मोरीपर्यंत सरकलं.

"सुलभा, डॉक्टरांना बोलाव," त्या ओरडल्या. पण घर इतकं लांब झालं होतं की हाक मोरीपर्यंत पोचायला वेळ लागत होता.

शेवटी त्यांनी विचारलंच. "विहीणबाई, ताप होता का?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "दोन दिवस कणकण आहे. पायही सुजलाय. तुम्ही विचाराल असं वाटलं होतं."

हौसाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. अंगठा बधिर होत चालला होता.

"इथवर आलेच आहे तर अंघोळ उरकून घेते," पलीकडून मंजुळाबाई म्हणाल्या. "सुलभा, बंबातलं पाणी काढ गं."

"नको, सुलभा. पाणी घालू नकोस." हौसाबाईंची हाक माजघरातून पुढे निघाली.

"हो, आत्याबाई," सुलभा सासूला म्हणाली. तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज आला.

उंबऱ्याबाहेरची टाच हळूहळू आत यायला लागली.