पाचोडचं दार उघडं आहे

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर काकासाहेबांच्या कंपनीत बनत असे. कंपनी म्हणजे सिडकोतल्या एका फ्लॅटचा हॉल. सर्व्हर स्वयंपाकघरात होता, कारण एक्झॉस्ट फॅन तिथंच होता.

जुना प्रोग्राम केंद्रातल्या थंड खोलीला सारखं विचारी, "दार बंद आहे ना? बंद आहे ना?" तिथं प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रणयला ही चाल ओळखीची होती. तिशी ओलांडल्यापासून नातेवाईक त्याला याच चालीवर विचारत, "जमलं का कुठं?" उत्तर दोन्हीकडं ठरलेलं, पण विचारणाऱ्यांचा उत्साह दांडगा.

ही कटकट त्याच्या शेजारी बसून काम करणाऱ्या निशानं मोडली. "विचारायचंच कशाला?" ती म्हणाली होती. "ज्याला ऐकायचंय त्यानं आपली नोंद करून ठेवावी. उघडं राहिलं की दारच हाक मारील. कोण ऐकतंय ही पंचाईत दाराला नको."

मग दोघांनी मिळून ते बांधलं. दार हा एक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामातला एक स्वतंत्र तुकडा. त्याची हाक ऐकणारे ऑब्जेक्ट वेगळे : एक घंटा वाजवी, एक व्यवस्थापकाला मेसेज धाडी. चाचणीसाठी निशानं ऐकणाऱ्यांत स्वतःचा फोनही नोंदवला. दोघं चहा पीत दिवसभर खोटीखोटी दारं उघडत बसत. प्रणयच्या आयुष्यातले ते सगळ्यात भरगच्च दिवस. काम फारसं झालं नाही.

पुढं निशाला पुण्यात नोकरी लागली. प्रणय तिला स्टँडवर सोडायला गेला. काय बोलायचं ते घोकून गेला, आणि बस हलेपर्यंत तिला पासवर्ड बदलण्याविषयी माहिती देत राहिला.

निशा गेली, तिची नोंद राहिली. पाचोडच्या केंद्राचं दार उघडं राहिलं की पुण्यात तिचा फोन वाजे. प्रणयला हे ठाऊक होतं. तो कुणाला बोलला नाही. निशाचा नंबर त्याच्याकडं होताच, पण नंबर लावायला कारण लागतं. दाराला ते आयतं मिळत होतं.

आणि पाचोडात कारणांना तोटा नव्हता. केंद्र सांभाळणाऱ्या भामाबाई बाजाराच्या दिवशी दुधाच्या खोलीत कुणाचं दही, कुणाचे हार, कुणाच्या नातवाचा केक ठेवून घेत. त्यांना दम द्यायचं काम काकासाहेबांनी प्रणयवर सोपवलं.

"मावशी, दार लई येळ उघडं राहतंय म्हणे."

"आता हारवाला दारात उभा ऱ्हायला, त्याला काय नाय म्हनू? चुकलं का माझं?"

"नाय, नाय. ठेवा की. सावकाश ठेवा."

एके दिवशी काकासाहेब म्हणाले, "उद्या दूध संघाची माणसं बघायला येणारेत. टेस्टिंगचे नंबर सगळे उडव. पाचोडचं दार उघडलं की पुण्यातल्या पोरीला खबर जाते, हे दिसलं तर आपलीच शोभा."

ती नोंद गेली की निशापर्यंत पोचणारं त्याचं काहीच उरणार नव्हतं. प्रणयनं दिवसभर बाकीचे नंबर काढले. मग निशाच्या फोनचा एक नवा ऑब्जेक्ट बनवला, तेच नाव, तोच नंबर, आणि नोंद रद्द करणाऱ्या फंक्शनच्या हवाली केला. "आपली नोंद रद्द झाली आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत," असा मेसेज गेला. वाक्य काकासाहेबांचं होतं. नोंद खरंच रद्द झाली का, हे न बघताच तो मेसेज सुटे. प्रणय गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली टँकर सोसायटीच्या हौदात पाणी सोडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशाचा फोन आला.

"काय रे, काल माझे आभार मानलेस, आज परत पाचोडचं दार उघडं! मला काढलंय का ठेवलंय?"

"काढलं होतं."

"नवा ऑब्जेक्ट बनवून काढायला गेला असशील."

"व्हय."

"येडा! जो नोंदवलाय तोच परत द्यावा लागतो. त्याच्यासारखा दिसणारा दिला तर यंत्रणा म्हणते, हा कोण? जुना बसतो तिथंच."

हे नवीन पोरांना प्रणयच शिकवायचा. आत्यानं दाखवलेल्या मुलीही इंजिनिअरच होत्या, गोऱ्या-नीटस होत्या. सारख्या दिसणाऱ्यानं भागत नाही हे त्याला यंत्रणेच्या आधीपासून माहीत होतं.

"जुना शोधतो," तो म्हणाला. "काढू ना?"

निशा म्हणाली, "आधी राग यायचा. भर मीटिंगमध्ये फोन वाजायचा. मग बाजाराच्या दिवशी वाटच बघायला लागले. पण प्रणय, इतके दिवस माझ्याशी दार बोलतंय. तू नाही." मग म्हणाली, "काढून टाक," आणि फोन ठेवला.

या वेळी त्यानं बरोबर काढलं. संघाची माणसं आली, घंटा ऐकून खूश झाली, कचोरी खाऊन गेली.

पुढच्या बाजाराला पाचोडचं दार उघडलं. घंटा वाजली, व्यवस्थापकाला मेसेज गेला. पुण्यात काही वाजलं नाही. प्रणयनं फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. सांगण्यासारखं काही सुचेना. ऑफिस सुरळीत, तब्येत ठीक, घरचे मजेत. घटना म्हणावी असं काही घडलंच नव्हतं, आणि अशा वेळी गप्प बसावं, हा नियम प्रोग्रामात त्यानं स्वतःच लिहिला होता.

त्यानं नंबर लावला.

"काय झालं?" निशानं विचारलं.

"काही नाही झालं."

"मग?"

"काहीच झालं नाही, निशा. तू गेल्यापासून."

तिकडून फोन ठेवला गेला नाही. पुण्यातल्या कुठल्याशा चौकातले हॉर्न ऐकू येत राहिले, आणि प्रणय ते कान देऊन ऐकत उभा राहिला.