डोळे मिटून

साध्या ऑडिओत काहीतरी कमी पडतंय, अशी आमच्या ह्यांची वर्षभर कुरकुर चालली होती. शेवटी हाय-रेझोल्युशनचं महागडं ॲप घेतलं, वर नवे स्पीकर. कौतुक ऐकून माझं डोकं उठलं. म्हटलं, डोळे मिटून बसा, मी मागून फोनवर अदलाबदल करते, चांगलं कुठलं ते ओळखा.

हे मांडीवर ताल धरून बसले. आधी साधं लावलं. "हे साधं," हे म्हणाले. मी दुसरं लावायला गेले, तर फोनची बॅटरीच संपली. खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली.

मी सांगणार, तोच हे हसले. "बघ, हेच ते. व्हायोलिन किती स्वच्छ आलंय."

थट्टा असेल म्हणून मी थांबले. हात ताल देतच होता, अगदी बिनचूक. हल्ली बोलताना हे माझ्या ओठांकडेच बघतात, ते आठवलं. आणि रोज सकाळी नातीला स्कूटरवर बसवून आमच्या टी. नगरच्या गर्दीत, बसगाड्यांमधून शाळेत सोडतात, तेही.

"स्कूटरची किल्ली द्या," मी मागूनच म्हणाले. मग ओरडून म्हणाले.

ह्यांचा ताल चालूच होता.