आपण आपल्याशीच हरलो

क्लबच्या बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. खेळाडू भिंतीला टेकलेले, समिती खुर्च्यांवर, वर्गणीदार खिडकीच्या कठड्यावर. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. तिथे लीगचा एकेक सामना सरकत होता आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला बरोबरची हिरवी खूण उमटत होती. खूण उमटली की माना डोलत होत्या.

"एकशे चव्वेचाळीस सामने," विश्लेषक म्हणाला. खेळाडू त्याला सूत्रमहाराज म्हणत. "त्यातले एकशे चाळीस निकाल माझ्या सूत्राशी जुळले. गुणतक्ता सांगतो, कोण जिंकलं. सूत्र सांगतं, जिंकायची लायकी कोणाची होती."

"आणि आपली लायकी?" अध्यक्षांनी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते.

"अठरा संघांत सतरावी."

गुणतक्त्यात संघ सहावा होता. पण निळ्या उजेडापुढे कागदाच्या तक्त्याला कोण विचारतो? प्रशिक्षकाला काढायचं पत्र टेबलावर तयार होतं, फक्त सही राहिली होती.

प्रशिक्षकाची थोरली बहीण मागच्या बाकावर बसली होती. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. ज्या शास्त्राचं मीठ खाल्लं, त्याचा असा गंडादोरा झालेला पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शेजारी भाऊ मान खाली घालून बोटांवरचा चुना खरवडत होता. मैदानाच्या रेघा तो अजून स्वतः मारायचा.

"विचार ना त्याला काही," ती कुजबुजली.

"ताई, मी तोंड उघडलं की म्हणतील, नाचता येईना, अंगण वाकडं."

मग तीच उठली. "सूत्रात काय काय धरता?"

"प्रत्येक संघाचे आठ घटक. आक्रमण, बचाव, घरचं मैदान, परकं मैदान, थकवा, प्रवास, हवामान, मनोबल. रविवारचे निकाल आले की सोमवारी मी प्रत्येकाचं वजन सूक्ष्म सुधारतो."

"म्हणजे अठरा आठे एकशे चव्वेचाळीस स्क्रू. सामनेही तेवढेच. निकाल हातात घेऊन स्क्रू पिळत बसलं, तर कुणाचंही सूत्र जुळेल."

"बाई, अवघड गणित नको," अध्यक्ष म्हणाले. "जुळतंय ना? झालं तर."

ती हताश झाली. पालथ्या घड्यावर आणखी किती पाणी ओतायचं? सामन्यांच्या यादीचे कागद सगळ्यांना वाटले होते, त्यांची चळत तिने ओढली आणि चिडचिडत पानं उलटू लागली. तिसऱ्या पानावर तिचं बोट थबकलं. तिने तो कागद गोलरक्षकाच्या हाती दिला. "मोठ्याने वाच."

गोलरक्षकाने घसा खाकरला. "आपला संघ विरुद्ध..." तो थांबला. "विरुद्ध आपलाच संघ. शून्य-दोन."

माना डोलायच्या थांबल्या.

"आपण आपल्याशीच हरलो?" खिडकीतून कुणीतरी विचारलं.

"तेही घरच्या मैदानावर," गोलरक्षक म्हणाला. "मी कुठल्या बाजूला उभा होतो, देव जाणे. आणि पुढे हिरवी खूण आहे."

सगळ्यांच्या नजरा क्लबच्या लेखनिकाकडे वळल्या. आकडे त्यानेच पुरवले होते. "अध्यक्षांना सगळं अकारविल्हे लागतं," तो चाचरत म्हणाला. "म्हणून यजमान संघांची नावं ओळीने लावून घेतली."

"आणि समोरचे संघ? गोल?"

"ते होते तिथेच ठेवले. त्यांना कशाला हलवायचं?"

"म्हणजे एकाचे गोल दुसऱ्याच्या माथी," ताई म्हणाली. "सगळी यादी खोटी. तरी एकशे चाळीस निकाल जुळले. खऱ्याशीही जुळतं आणि खोट्याशीही, ते सूत्र सांगतं तरी काय?"

"सूत्र वरवरच्या चुकांपलीकडचं पाहतं," महाराज म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता.

"अंगावर माप घेऊन शिवलेला सदरा त्याच अंगाला बसला, यात नवल कसलं? न पाहिलेल्या अंगाला बसवून दाखवा. येत्या रविवारचे नऊ निकाल आत्ता लिहून द्या. पाकीट अध्यक्षांकडे राहील."

"असं कसं? आधी निकाल तर लागू देत."

पहिल्यांदा गोलरक्षक हसला, मग भिंत हसली, मग खुर्च्या. महाराजांनी पडदा गुंडाळला. जाताजाता दुसऱ्या क्लबचं बोलावणं आहे, हे सांगायला ते विसरले नाहीत.

अध्यक्षांनी पत्र फाडलं. भावाने चुन्याच्या बोटांनी ताईचा हात दाबला आणि सरावाला निघून गेला. तिला जरा हायसं वाटतंय, तोवर अध्यक्ष जवळ सरकले. हळूच म्हणाले, "बाई, तुमच्याकडे आहे का हो एखादं खात्रीचं सूत्र?"

ताईने कपाळाला हात लावला. सकाळपासूनचं सगळं बोलणं पाण्यात गेलं होतं.

"गणित वाईट नाही, अध्यक्ष. प्रामाणिक गणित आधी बोलतं आणि चुकलं तर चुकलं म्हणतं. सूत्र नाही, एक प्रश्न देते, तो जपा. कुणीही जुळलेला आकडा दाखवला, की विचारायचं: हे तू आधी सांगितलं होतंस, की नंतर?"

अध्यक्षांनी तो वहीत लिहून घेतला. लिहून झाल्यावर विचारलं, "हा प्रश्न 'ह'खाली लावू की 'आ'खाली?"